आज कोण नेणार?

१

सकाळी दूध गॅसवर ठेवायचं, भिंगरीला हाका मारायच्या, हाकांना दाद मिळत नाही म्हटल्यावर पांघरूणच ओढून घ्यायचं, आणि दूध उतू जायच्या आत परत गॅसपाशी यायचं. या सगळ्या तारांबळीत एक काम मात्र तो न चुकता करायचा. ओट्यावर फोन टेकवून शाळेचं पान उघडायचं, मुलीचं नाव निवडायचं आणि खालच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. आज कोण नेणार?

प्रश्नाशेजारी एक चौकट होती. तिच्यावर बोट ठेवलं की छोटी यादी खाली उघडायची. बाबा, आत्या. घरात माणसंच तेवढी, तर यादी मोठी कुठून असणार. मंगळवारी आणि शुक्रवारी आत्या, बाकीचे दिवस बाबा. आत्या म्हणजे त्याची थोरली बहीण, ताई. ती दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची आणि आठवड्यातून दोनदा तिला दुपारची सुट्टी असायची.

हे पान त्यानंच बनवलं होतं. वेबसाइट बनवणं हा त्याचा धंदा, आणि शाळेचं काम वर्षानुवर्षं त्याच्याकडेच. शाळेच्या मोठ्या बाई त्याला अजूनही ‘वेबवाले’ म्हणायच्या, दूधवाले-पेपरवाले यांच्या चालीवर, आणि त्यालाही त्याची गंमत वाटायची. आधीच्या पानावर सगळ्या घरांना सरसकट ‘पालक एक, पालक दोन, इतर’ असं असायचं. एक आजोबा त्यावरून शाळेत येऊन भांडले होते. जन्मभर पोराला खांद्यावर घेऊन फिरलो आणि आता मी ‘इतर’ झालो का, असं त्यांचं म्हणणं. खोटं काय होतं त्यात? मग यानं अशी सोय केली की मुलाचं नाव निवडलं की यादीतली अक्षरं जागच्या जागी बदलायची आणि त्या घरची नाती उमटायची. कुणाला नाना, कुणाला धाकटी काकू, एकाला तर ‘खालच्या मजल्यावरची मावशी’. लोक भलतेच खूश झाले. माणसाला आपलं नाव आपल्या नात्यानं लिहिलेलं दिसलं की बरं वाटतं, एवढी साधी गोष्ट.

गेटवर जे मामा उभे असायचे त्यांच्याकडे टॅबलेट दिला होता. अकरा वाजता दिवसाची नावं त्यावर उतरायची, आणि एकदा उतरली की बदल बंद. कारण आईबापांचं मन घटकेघटकेला बदलतं आणि मामांच्या डोक्याला ताप होतो.

मार्गी लागलेलं सगळं होतं. आणि एका मंगळवारी त्यानं चौकटीवर बोट ठेवलं, यादी उघडली, आणि बाबाच्या खाली लिहिलेलं होतं, आई.

पापणी लवेपर्यंतच. मग तिथं आत्या झालं. त्यानं ते निवडलं, दूध उतरवलं आणि भिंगरीच्या केसांना कसेबसे दोन रबर लावले.

२

घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. ते अक्षर तिथं का दिसलं हे या जगात एकट्या त्यालाच माहीत होतं.

भिंगरी तीन वर्षांची असताना तिची आई गेली. तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता माणूस हातचं गेलं. पुढं कधीतरी तो पुन्हा कामाला बसला, शाळेचं पान उघडलं, तर समोर त्याच्याच घरची यादी. बाबा, आई. खोडायचं तर एक बटण दाबायचा अवकाश होता. पण हात धजावला नाही. दवाखान्याचे कागद, बँकेचे कागद, तिचा फोन नंबर, सगळीकडून तिला काढून झालं होतं आणि सगळीकडे त्यानं मुकाट सही केली होती. इथं सही मागणारं कुणी नव्हतं. म्हणून त्यानं एक पळवाट काढली. तो पर्याय तसाच ठेवला आणि वरून एक ओळ लिहिली, की पान उघडलं म्हणजे या जागी आत्या असं लिही. भिंतीवर ओल आली की आपण कॅलेंडर लावतो ना, तसलाच प्रकार. नीट नंतर करू, असं तो मनाशी म्हणाला. या धंद्यात नंतर म्हणजे कधीच नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

तेव्हा झालं होतं ते असं. पान आधी मूळ अक्षरं दाखवणार, मग त्याची ओळ येऊन ती बदलणार. इंटरनेट जरा मंद चाललं की मधलं अंतर डोळ्यांना दिसणार. इतकी वर्षं दिसलं नाही, आता दिसलं, एवढंच.

पण शुक्रवारी ते पुन्हा दिसलं, आणि जरा जास्त वेळ दिसलं. पुढच्या मंगळवारी आणखी थोडं. त्यानं दुसऱ्या फोनवर बघितलं, कामाच्या संगणकावर बघितलं, दुसऱ्या मुलांची नावं टाकून बघितलं. कुठं काही नाही. त्याच्याच फोनवर, भिंगरीच्याच नावापुढं, आणि आत्याच्या दिवशीच. त्यानं ती ओळ तपासली, तिच्यात चूक नव्हती. मग एका शुक्रवारी ते अक्षर बदलेचना. तो बघत राहिला आणि मागं दूध उतू गेलं. करपल्याचा वास आला तसा तो वळला, गॅस बंद केला, आणि परत बघितलं तोवर आत्या झालेलं होतं.

खरं सांगायचं तर त्याला भीती वाटली नव्हती. त्याला बरं वाटलं होतं. घरात ते नाव मोठ्यानं घ्यायला कुणी उरलं नव्हतं, निदान ओट्यावर ते कुणीतरी लिहून जात होतं.

३

त्यानंतरच्या मंगळवारी ताई भिंगरीला घेऊन आली ती तावातावानंच. पर्स खाली टाकायच्या आधी तिनं तोंड सोडलं. तुझ्या शाळेला काही अक्कल आहे का, म्हणाली. त्यानं पान बनवलं होतं म्हणून शाळाच त्याची, असा ताईचा हिशेब.

झालं होतं असं. ताई दवाखान्यातून निघायची, तिला पोचायला नेहमी थोडा उशीर व्हायचा. पूर्वी भिंगरी गेटच्या आत पायरीवर बसलेली असायची, आणि मामा टॅबलेटवर नजर टाकून तिला ताईच्या हाती द्यायचे. मग बाहेरच्या बाकावर दिसायला लागली. ताईला वाटलं, मोठी झाली, सोडत असतील. मग एकदा औषधांच्या दुकानापाशी सापडली. आणि आज तर पार मोठा रस्ता ओलांडून बसथांब्यावर. एकटी उभी, दप्तर पाठीला, तोंड समोर. ‘‘नावाची भिंगरी, आणि हलत नव्हती रे,’’ ताई म्हणाली. ‘‘मी हाक मारली तरी मान वळवली नाही. जवळ जाऊन हात धरला तेव्हा माझ्याकडे बघितलं.’’

उद्याच्या उद्या मामांना जाब विचारतो, म्हणाला. ताईचा राग तेवढ्यानं थोडा उतरला. चहा पिता पिता ती भिंगरीकडे बघून सहज म्हणाली, की बाईंना एवढी सुंदर वेणी घालायला वेळ मिळतो आणि पोरीला गेटपाशी थांबवायला मिळत नाही.

तो म्हणाला, ‘‘वेणी तू घालतेस ना?’’

‘‘मी? मी कधी घालणार?’’

सकाळी तो भिंगरीच्या केसांना दोन रबर लावून पाठवायचा, एक वर एक खाली, बापाच्या हाताला येतील तसे. आत्याच्या दिवशी ती परत यायची ती पाठीवर एक घट्ट, बारीक, सरळ वेणी घेऊन. शाळा सुरू झाल्यापासून. त्याला वाटायचं ताई घालते, आणि त्यावरून त्यानं मनातल्या मनात तिचे आभारही मानले होते. ताईला वाटायचं वर्गातल्या बाई घालतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो इथं दोघांनी मिळून घातला होता. ताईनं वर्गातल्या बाईंना तिथल्या तिथं फोन लावला. बाई म्हणाल्या, अहो, माझ्याकडे पंचवीस पोरं आहेत.

ताईनं फोन ठेवला. भिंगरी खिडकीत बसून बिस्किट खात होती.

४

ताई गेल्यावर त्यानं भिंगरीला समोर बसवलं आणि वेणी सोडवायला घेतली. सुटता सुटेना. इतकी घट्ट की पोरीच्या भुवया वर ओढल्या गेल्या होत्या आणि भांगाच्या कडेला कातडी पांढरी पडली होती. तो नखानं एकेक पेड मोकळा करत राहिला. आवाजात काही येऊ न देता त्यानं विचारलं, कुणी घातली गं?

‘‘आईनं.’’

बिस्किटाचा चुरा फ्रॉकवरून झटकत तिनं हे सांगितलं. नळाला पाणी आलंय म्हणावं तसं.

मग त्यानं हळूहळू एकेक विचारलं आणि तिनं एकेक सांगितलं. शाळा सुटली की ती पायरीवर उभी राहते. आई मागून येते. वेणी घालून झाली की दोघी निघतात. आई कशी दिसते, या प्रश्नावर तिनं बापाकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं. कशी दिसणार, वेणी घालणारं माणूस मागेच असतं ना.

‘‘आणि रस्त्यात?’’

‘‘रस्त्यात पण मागेच. वेणी धरून चालते.’’

‘‘तू वळून नाही बघितलंस?’’

‘‘वळलं की ओढते. दुखतं.’’

त्याचे हात थांबले. त्यानं विचारलं, ती आई आहे हे तुला कुणी सांगितलं. भिंगरी म्हणाली, मामांनी. मामा टॅबलेट बघतात आणि म्हणतात, चला भिंगरीबाई, तुमची आई आली.

तेवढं सांगून ती खेळायला पळाली. मोकळे केस तिच्या पाठीवर लाटा लाटांचे पसरले होते, आणि त्याच्या बोटांना त्यांची ऊब लागून राहिली होती.

५

दुसऱ्या दिवशी मामांना जाब विचारायला तो गेला नाही. आधी संगणकापाशी बसला, कारण टॅबलेटवर आई कशी आली हे त्याला आता उमगलं होतं.

यादीतल्या प्रत्येक पर्यायाला दोन अंगं असतात. एक दिसणारी अक्षरं, ती माणसांसाठी. दुसरी आत लपलेली खूण, ती मशीनसाठी. निवडल्यावर शाळेकडे जाते ती आतली खूण, वरची अक्षरं नाहीत. त्यानं त्या दिवशी अक्षरं तेवढी बदलली होती. खूण आईचीच राहिली होती. नवख्या पोरांना तो स्वतः पहिल्याच आठवड्यात शिकवायचा ती चूक. म्हणजे गेली इतकी वर्षं तो आठवड्यातून दोनदा, हात दुधाच्या भांड्याला आणि लक्ष घड्याळाकडे अशा अवस्थेत, शाळेला कळवत होता की आज आई नेणार. एवढ्यांदा बोलावलं, तर येणाऱ्यानं यावं की नाही?

तो स्वतःशी हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं.

दुरुस्ती किरकोळ होती. एक शब्द बदलायचा. बुधवारी त्यानं तो बदलला नाही. बुद्धी त्याला सांगत होती की बाबा रे, कुणीतरी बाई आहे, डोक्यानं अधू असेल, तुझ्या पोरीला रस्त्यावरून नेते आहे, ऊठ आणि पोलिसांत जा. ती बुद्धी चुकीची नव्हती. पण तिला हे सांगता येत नव्हतं की सकाळी यादीत ते अक्षर इतका वेळ का थांबतं. गुरुवारीही त्यानं शब्द बदलला नाही. त्याला एकदाच बघायचं होतं. लांबून, नुसतं पाठमोरं, चालण्याची ढब दिसली तरी त्याला पुरणार होतं.

शुक्रवारी सकाळी यादी उघडली तर तिथं आई होतं, आणि ते बदलायची त्यानं वाट बघितली नाही. तसंच निवडलं. ताईला कळवलं की आज तू जाऊ नकोस, मी जातो. अकरा वाजले. नावं टॅबलेटवर उतरली. त्यानं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट काढला. आपण हे काय करतो आहोत हे त्याला समजत होतं, आणि तरी शर्टाची बटणं त्यानं लग्नाच्या दिवशी लावली होती तशी, एकेक निरखून लावली.

निघायच्या बेताला ताईचा फोन आला. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. मामांशी बोललास का, पोलिसांत सांगायचं का, मी येऊ का, असं तिनं एका दमात विचारलं. मग म्हणाली, ‘‘राहून राहून माझ्या मनात तेच येतं रे. एवढी सुरेख वेणी घालतं कोण? तिच्या आईला तरी कुठं येत होती.’’

ताई पुढं बोलत राहिली. त्याला ऐकू आलं नाही.

येत नव्हतीच. तिचे स्वतःचे केस मानेपर्यंतच असायचे. भिंगरीचं जावळ वाढलं तेव्हा तिनं वेणीचा प्रयत्न करून बघितला होता, आरशासमोर तिघं बसून, आणि तिसऱ्या पेडाशी गुंता होऊन शेवटी ती इतकी हसली होती की भिंगरीही हसायला लागली होती. माझ्या सात पिढ्यांत कुणाला वेणी आली नाही, असं म्हणून तिनं कंगवा ठेवून दिला तो दिला. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, हे तो दुसऱ्यांच्या कामाला हसून म्हणायचा. वर एक लिहिलेलं आणि आत भलतंच असू शकतं, हे त्याच्याइतकं कुणाला कळायला हवं होतं? ‘आई’ हीसुद्धा शेवटी अक्षरंच. त्यांच्या खाली काय आहे हे त्यानं बघितलं होतं का?

फोन तसाच चालू ठेवून तो पळत सुटला.

६

शाळा नुकतीच सुटली होती. गेटच्या बाहेर माणसांची गर्दी, आत पोरांचा कालवा. तो वाट काढत जाळीपाशी पोचला आणि भिंगरी त्याला लगेच दिसली.

वर्गांच्या बाजूला तीन पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवर ती भिंतीला पाठ करून उभी होती. हनुवटी जरा वर, हात बाजूला, डोळे समोर. केस विंचरून घेताना लहान मुलं उभी राहतात तशी. सकाळचे दोन्ही रबर खाली पडले होते. तिच्या पाठीत आणि भिंतीत वीतभर जागा होती. तेवढ्यात माणूस मावत नाही. आणि त्या वीतभर जागेत तिच्या केसांचे तीन पेड झाले होते, आणि ते एकमेकांवरून जात होते. उजवा मधल्यावर, डावा मधल्यावर. मध्येच तिचं डोकं किंचित मागं ओढलं जायचं आणि ती ओठ घट्ट मिटायची.

आजूबाजूनं पोरं धावत होती. त्या पायरीच्या जवळून मात्र कुणी जात नव्हतं.

त्यानं मामांचा हात धरला आणि माझी मुलगी मला द्या म्हणाला. मामांनी टॅबलेट बघितला. मान हलवली. आज तुमचं नाव नाही, साहेब. त्यानं गयावया केली, आवाज चढवला, मी तिचा बाप आहे, तुम्ही मला ओळखता, असं सांगितलं. मामा ओळखत होते. पण टॅबलेटवर असेल त्याच्याच हाती मूल, चेहऱ्याकडे बघू नका, हे त्यांना शिकवणारा तोच होता, आणि मामांनी ते फार मनावर घेतलं होतं.

‘‘मामा, तिकडे बघा. तिथं कोण आहे?’’

मामांनी पायरीकडे बघितलं नाही. ते टॅबलेटकडेच बघत राहिले.

‘‘मी नाव बघतो साहेब,’’ ते म्हणाले. ‘‘पहिल्या दिवशी एकदा तिकडे बघितलं होतं. तेव्हापासून नावच बघतो.’’

वेणी निम्मी झाली होती. त्याला दुसरं काही सुचलं नाही. त्यानं दोन्ही हातांनी जाळी धरली आणि आत ओरडून सांगितलं, भिंगरीला नाही, तिच्या मागच्या त्या वीतभर जागेला सांगितलं.

‘‘तू ती नाहीस. तिला वेणी येत नव्हती.’’

पेड थांबले.

हवेत जसे होते तसेच थांबले, एक वर उचललेला, दोन खाली. भिंगरीची हनुवटी आणखी वर गेली. त्याला वाटलं, जिंकलो. एवढ्यात वेणी उलगडायला लागली, खालपासून वर, सावकाश, चुकलेलं वाक्य कुणी एकेक अक्षर मागं घेत खोडावं तशी. केस मोकळे झाले. क्षणभर ते नुसते लोंबत राहिले.

मग ते पुन्हा गोळा व्हायला लागले. या वेळी घट्ट नाही. डाव्या बाजूला, कानाच्या वर, वेडेवाकडे, एक बट निसटलेली तशीच सोडून. पायरीवरचा रबर उचलला गेला, एक वेढा, दुसरा वेढा, तिसऱ्याला तो सुटला आणि पुन्हा घातला गेला. आणि शेवटी भिंगरीच्या कपाळावरचे केस उडाले. कुणीतरी फुंकर घातली होती. भिंगरीची आई रोज सकाळी, केस बांधून झाले की, अशीच एक फुंकर घालायची आणि मग, जा पळ.

हे तो स्वतः विसरला होता. त्यानं हे आत्ता मोठ्यानं म्हटलं नव्हतं. ताईला माहीत नव्हतं, भिंगरीला आठवणं शक्य नव्हतं. म्हणजे एक तर ती खरंच तीच होती, किंवा जे कुणी तिथं होतं त्यानं त्याची चूक काढलेली ऐकून घेतली होती आणि त्याच्याच आतून बरोबर उत्तर शोधून त्या जागी लिहिलं होतं. यांतलं खरं कुठलं, हे कळायला एकच मार्ग होता, आणि तो त्याला रोजच्या कामामुळे चांगला माहीत होता. वरच्या अक्षरांवर जायचं नसतं. आत बघायचं असतं.

भिंगरी पायऱ्या उतरून आली. डोकं जरा मागं कललेलं, आणि कानावरचा तो वाकडा शेपटा पाठीमागं ताणून आडवा, कुणाच्या तरी मुठीत असावा तसा. मामांनी खाली मान घालून गेट उघडलं. बापाला बघून ती हसली.

‘‘बाबा, आज दुखलं नाही,’’ ती म्हणाली.

मामांनी अदबीनं त्याला जरा बाजूला व्हायला सांगितलं. मागं खोळंबा होतोय, म्हणाले. त्याच्या हातात तेव्हा ताकद होती, पोरीला उचलून पळता आलं असतं. पुढं कधीही त्यानं स्वतःला विचारलं असतं तर हेच उत्तर आलं असतं, की पळता आलं असतं. तो बाजूला झाला. दोन पावलं ती पुढं गेली तेव्हा त्याला ओळखीचा वास आला, धुतलेल्या केसांचा आणि थोडा घामाचा, आणि त्याचे पाय आपोआप चालायला लागले. त्यानं भिंगरीचा हात धरला. तो गरम होता, तिचाच होता.

घर डावीकडे होतं. भिंगरी उजवीकडे वळली. औषधांचं दुकान आलं, मोठा रस्ता आला, तिघांनी तो ओलांडला. बसथांबा आला आणि मागं पडला. भिंगरी वर्गातल्या गमती सांगत होती, आणि एखाद्या गमतीनंतर हसू यायचं ते कधी तिच्या एकटीचं वाटायचं, कधी नाही. खिशात ताईचा फोन अजून चालू होता. ती त्याचं नाव घेऊन कुठं आहात, कुठं आहात, असं विचारत होती. मान जराशी वळवली असती तर सगळं कळलं असतं. तो समोर बघत चालत राहिला.